एक प्रकाश आणि अर्धी लता

मंचरला कंचनकाकींच्या माडीवर आम्ही भाड्याने राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी मी त्यांना विचारलं, "काकी, नळाला पाणी किती वेळ असतं?"

"अर्धी लता," काकी म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "किती?"

"अर्धी लता. कधी पाऊण. बाजाराच्या दिवशी तेवढंबी न्हाई." आणि त्या खाली दुकानात निघून गेल्या. मी बादली हातात धरून तशीच उभी.

उलगडा त्यांच्या मुलाने, प्रकाशभाऊंनी केला, तोही मान खाली घालून. काकींना चार मुलं. सुरेखाच्या वेळी सव्वीस तास कळा दिल्या, प्रकाशच्या वेळी अकरा, शोभाला पाच आणि धाकट्या लताला अवघा दीड तास. काकींच्या घरात घड्याळं तीन होती, तिन्ही चालू होती, पण काकी त्यांच्याकडे बघत नसत. त्यांना वेळ कळायची ती या चौघांवरून. म्हणजे पाणी पाऊण तास.

महिनाभरात मला सवय झाली. पुण्याला जायला किती लागतं? "रस्ता मोकळा असला तर एक लता, चाकणला अडकलं तर शोभा धरा." वीज गेली, तर "एक प्रकाश झाल्याबिगर लाइट येत नसती." आणि तालुक्याच्या कचेरीत दाखला काढायला निघालेल्या माणसाला त्या डबा बांधून घ्यायला सांगत. "कचेरी म्हंजी सुरेखा. नशीब खोटं असलं तर दोन सुरेखा."

प्रकाशभाऊ पन्नाशीचे. कपाळाला चंदनाचा टिळा, गावात शब्दाला मान. गिऱ्हाईक साडीला फॉल-पिको करायला देऊन विचारायचं, "कधी मिळंल?" आणि मागच्या गादीवरून काकी आधीच सांगून मोकळ्या, "एक प्रकाश थांब, बाई." प्रकाशभाऊ बिचारे कापड फाडत राहायचे. फाडतानाचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा यायचा, एवढंच.

दुकान कापडाचं. या जैन घराण्याचे पूर्वज कधीकाळी राजस्थानातून आले, पण काकींची भाषा आता इथल्या मातीतलीच. दुकानाच्या एका कोपऱ्यात बाळंतविडा असायचा. झबली, टोपडी, दुपटी. तो कोपरा काकींचा. पोटुशी बाई उंबऱ्यात आली, की "या बसा" नंतर, आधी "कितवं?"

"दुसरं."

"पहिल्याला किती लागलं?"

नवखी बाई गोंधळायची. दुपट्याची किंमत विचारायला आलेली ती, पण काकींच्या चेहऱ्यावर असलं निखळ कुतूहल असायचं की दोन मिनिटांत ती मांडी घालून सगळं सांगायला लागायची. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, दवाखान्यात कधी पोचलो. काकी काही लिहून ठेवत नसत. सगळं डोक्यात. कळंबच्या कुणाच्या सुनेला दुसऱ्या खेपेला किती वेळ लागला, हे तिची सासू विसरली असेल, काकी नाही.

या सगळ्या चौकशीतून त्यांनी एक सिद्धांत बांधला होता. "पहिलं पोर घाट फोडतं. दुसऱ्याला डांबरी मिळती. तिसरं नुसतं ब्रेक सोडून येतं."

मी शाळेत शिकवणारी. मला हिशेब पुढे न्यायची खोड. मी म्हटलं, "मग काकी, सातवं पोर शिंकेसरशी यायला पाहिजे."

काकींनी ते थट्टेवर नेलं नाही. हातातलं झबलं मांडीवर ठेवून त्यांनी नीट विचार केला. "न्हाई. मोठा फरक पयल्या-दुसऱ्यातच. चौथ्याच्या पुढं लई कमी व्हत न्हाई. डांबरी किती गुळगुळीत केली तरी गाडी गाडीच्याच वेगानं जाणार ना?"

मग म्हणाल्या, "आन् तिसऱ्याच्या येळी कळ आली की बाईला मी घरात बसूच देणार न्हाई. घाट नसतो तितंच लोक गाफील ऱ्हात्यात."

एकदा मात्र हा सिद्धांत अडखळला. आहुपे गावची एक बाई, हौसाबाई, बाजाराला आली होती. तिच्या तिसऱ्या पोराला दीड दिवस लागला म्हणाली. पहिल्याहून जास्त! गाडी सुटेल म्हणून ती पुढचं न सांगताच निघून गेली, आणि काकींची झोप उडाली. दोन दिवस त्या दुपट्यांच्या उलट्या घड्या घालत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नवकार मंत्र म्हणून झाल्यावर जाहीर केलं, "मी आहुप्याला जाऊन येते."

"आहुप्याला? कशाला?" प्रकाशभाऊंनी विचारलं.

"इचारायला."

सत्तरी ओलांडलेली बाई. दिवस मावळायच्या आत जेवणारी, उकळलेल्या पाण्याशिवाय दुसरं पाणी न पिणारी. प्रकाशभाऊ हात जोडून मला म्हणाले, "बाई, तुम्हाला सुट्टी आहे, तुम्ही जा राव बरोबर." अशी मी गेले. घोडेगाव, डिंभ्याचं धरण, मग वळणावळणाचा रस्ता. एसटीत काकी पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि वळणावर आमचे जीव टांगणीला लागले की शेजारच्या बाईला विचारत होत्या, "तुमाला किती पोरं?"

हौसाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून तिला वाटलं, बाजारात उधारीचं काही राहिलं की काय. काकींनी टेकायच्या आत विचारलं, "तिसऱ्याला दीड दिवस का गं लागला?"

हौसाबाईने सूप खाली ठेवलं. आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग हसून म्हणाली, "अवं, दुसऱ्या आन् तिसऱ्यात अकरा वर्सं गेली ना मधी."

काकींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "बघा!" त्या मला म्हणाल्या, "वाट मोडली व्हती. गवत उगवलं व्हतं!"

सिद्धांत वाचला. काकींनी हौसाबाईच्या धाकट्याला, म्हणजे त्या दीड दिवसवाल्याला, दोन टॉवेल दिले आणि आम्ही परतीची गाडी धरली.

माझ्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, बोरी बुद्रुकला गेले. निघताना काकींनी बजावलं होतं, "सुरेखा धरून चाल. आधी झालं तर फायद्यात." एकोणीस तास लागले. मुलगी झाली. फोनवर काकींनी आधी माझी तब्येत विचारली, मग बाळाची, मग आकडा. आणि म्हणाल्या, "शाबास! सात तास वाचवले." परीक्षेत नंबर आल्यासारखं मला वाटलं.

दुसरं पाच वर्षांनी. या वेळी मंचरलाच राहायचं ठरलं, आई दोन दिवस आधी येणार होती. पण तारखेला अजून आठवडा होता. माझा नवरा, संतोष, ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलेला, आणि सकाळी दहाच्या सुमाराला पाठीतून एक कळ सरकली. मी जिन्यात बसले. काकी भाजी घेऊन वर येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून नवकार पुटपुटत मोजायला लागल्या. दुसरी कळ आली तेव्हा म्हणाल्या, "बारा नवकार." तिसरी आली. "नऊ. पोरी, ऊठ."

आत्तापर्यंत मी त्यांची 'बाई' होते. पोरी झाले ते तिथे, जिन्यात.

मी संतोषला फोन लावला. तो म्हणाला, "मागच्या वेळी एकोणीस तास लागले होते ना? ट्रेनिंग चारला संपतं, मी आरामात पोचतो."

काकींनी फोन माझ्या हातातून घेतला. "भाऊ, मागचं सोडा. आत्ता निघाला तर तुमी पोराचं तोंड बघाल. चारला निघाला तर पोर तुमचं बघंल." आणि फोन बंद केला.

मोठीला प्रकाशभाऊंच्या बायकोकडे सोपवलं. रिक्षात काकी माझ्या शेजारी, थर्मास आणि दुपट्यांचं गाठोडं घेऊन. दर गतिरोधकाला त्या रिक्षावाल्याला दटावत होत्या आणि मधल्या वेळात नवकार मोजत होत्या. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा आकडा पाचवर आला होता.

आत न्यायच्या आधी सिस्टरने विचारलं, "सोबत कोण? आई का?"

काकींनी गाठोडं काखेला लावलं. मग म्हणाल्या, "व्हय."

सिस्टरने एकदा त्यांच्या मारवाडी पद्धतीने नेसलेल्या साडीकडे बघितलं, एकदा माझ्या गावाकडच्या चेहऱ्याकडे, आणि आत सोडलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्याने आठवतं. पंख्याचा आवाज. पलंगाची थंड दांडी. आणि माझ्या कानाशी काकी. कळ यायची, मी ओरडायचे, "काकी, अजून किती?" आणि त्या ठाम आवाजात सांगायच्या, "तीन. फकस्त तीन ऱ्हायल्या."

मी तीन मोजल्या. दात खाऊन मोजल्या. तिसरी ओसरली आणि काहीच झालं नाही.

"काकी!"

"तीन," त्या म्हणाल्या. "आता ह्या खऱ्या तीन."

त्याही गेल्या. मी रडत म्हटलं, "तुम्हाला मोजता येत नाही!"

"येतं. मघाचच्या लहान व्हत्या, त्या धरायच्या न्हाईत. आता तीन."

मला राग आला, त्या रागातच मी जोर लावला, आणि सिस्टर म्हणाल्या, "आलं आलं, थांबा आता!" दोन वाजून गेले होते. मुलगा. दहा ते दोन, चार तास आणि वर काहीतरी. संतोष तेव्हा चाकणला अडकलेला होता, हे नंतर कळलं.

बाळाला पुसून माझ्या छातीवर ठेवलं. मला वाटलं, आता काकी आकडा सांगतील. शोभापेक्षा इतकी कमी, लतापेक्षा इतकी जास्त. पण त्या स्टुलावर बसून थर्मासच्या झाकणातलं पाणी घोट घोट पीत होत्या.

"काकी," मी म्हटलं, "तीनच राहिल्यात हे तुम्हाला कसं कळत होतं?"

"मला कुठं कळत व्हतं?" त्या म्हणाल्या.

त्यांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला.

"सुरेखाच्या येळी मी जुन्नरला व्हते, माहेरी. माहेर म्हंजी काय, आई मी बारा वर्सांची असतानाच गेली. वहिनी चांगली व्हती, पण घरात पंधरा माणसांचा स्वयंपाक. सुईण यायची, बघायची, 'अजून हाय' म्हणायची आन् च्या प्यायला जायची. खोलीत घड्याळ न्हाई. खिडकी लावलेली. दिवस हाय का रात, कळत नव्हतं." त्यांनी झाकण थर्मासला लावलं, पण ते नीट बसेना. "दुखायचं ते दुखतंच गं. मला वाटलं, हे आता संपणारच न्हाई. मी हितंच अशी ऱ्हाणार. कुणी नुसतं म्हणलं असतं ना, कंचन, एवढंच ऱ्हायलं, तर मी तेवढं धरून ठिवलं असतं. खोटं का असंना."

"मग सव्वीस तास कसे कळले?"

"नंतर इचारत बसले. वहिनीला, सुईणीला, शेजारणीला. कवा सुरू झालं, कवा संपलं. कुणी वीस म्हणं, कुणी तीस. कुणाच्याच ध्यानात न्हाई. कुणी बघितलंच नव्हतं ना. मग मीच आपले सव्वीस धरले."

बाळाने तोंड वेंगाडलं, मी त्याला जवळ घेतलं. काकींनी एका बोटाने त्याच्या टाळूवरचे ओले केस सारखे केले.

पलीकडच्या पलंगावर एक मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. तिची सासू केसपेपरच्या रांगेत गेलेली. इतका वेळ ती भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. आता तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि कुणालाच नाही असं विचारलं, "आये, अजून किती येळ गं?"

काकी उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, जरा वेळाने सरळ झाल्या. स्टूल उचलायची ताकद नव्हती, म्हणून ते फरशीवरून ओढत पलीकडे नेलं. मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"नाव काय गं बाळा तुझं?"

"स्वाती."

"स्वाती, मी हितंच बसलीय."

सिस्टर आत आल्या. हातातल्या कागदाकडे आणि मग काकींकडे बघत त्यांनी विचारलं, "आजी, तुमची पेशंट त्या पलंगावरची ना? की ही?"

काकींनी मान वर केली नाही. स्वातीची पाठ चोळत म्हणाल्या, "दोघीबी माझ्याच."