एकेचाळीस शाली आणि एक गाणं

बायकोला सोफ्यावर बसवायचं विरूपाक्षने मनावर घेतलं आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

सोफा म्हणजे स्टेजसमोर पहिल्या रांगेत मांडतात तो, पांढऱ्या खोळीचा. लातूरच्या हार्डवेअर व्यापारी मंडळाला पंचवीस वर्षं होत होती आणि त्यानिमित्त कॉलेजच्या मैदानावर मुंबईचा 'सातवा मजला' हा नामांकित बँड यायचा होता. सोफ्यावर फक्त पाहुणे आणि समित्यांचे प्रमुख, सपत्नीक. बाकीच्यांना मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. विरूपाक्ष हा मंडळाचा साधा सभासद, पाइप आणि नळांचा दुकानदार. एरवी तो प्लास्टिकच्या खुर्चीतही सुखाने पेंगला असता. पण या बँडशी त्याच्या संसाराचा एक जुना हिशेब होता.

उज्वला लग्न होऊन उदगीरहून आली तेव्हा तिच्या पेटीत या बँडची एक कॅसेट होती. त्यातलं 'कडी' हे गाणं ती रोज सकाळी भाकरी थापताना लावायची. कॅसेट झिजली, मग सीडी आली, मग मोबाईल आला, गाणं तेच राहिलं. चोवीस वर्षं विरूपाक्ष त्या गाण्यासमोर पेपर धरून बसला होता. "जरा बारीक कर," एवढंच तो म्हणायचा. "तुमच्या कानात शिरतंय तरी का काही?" एवढंच ती म्हणायची. बारा वर्षांपूर्वी बँड नांदेडला आला होता. विरूपाक्षने नेतो म्हणून सांगितलं, उज्वला साडी नेसून बसली, आणि नेमका त्याच दुपारी दुकानात पाइपांचा ट्रक आला. त्या साडीबद्दल ती नंतर एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर विरूपाक्षला बरं वाटलं असतं.

म्हणून तो मंडळाच्या बैठकीत उभा राहिला. "किशनराव, समिती कोणती शिल्लक हाय?"

"सत्कार समिती," अध्यक्ष किशनराव म्हणाले. खोलीतल्या बाकी सगळ्यांनी मोबाईलमध्ये डोकी घातली.

जेवणाच्या समितीला लोक एक दिवस शिव्या देतात, सत्कार समितीला जन्मभर. दहाव्या वर्षीच्या कार्यक्रमात ज्यांना शाल द्यायची राहून गेली, ते गृहस्थ त्या वेळच्या समितीप्रमुखाच्या दोन्ही मुलींच्या लग्नाला आले नाहीत. विरूपाक्षला हे ठाऊक होतं. पण त्याला सोफा दिसत होता.

"लिहा माझं नाव," तो म्हणाला.

"आप्पा, एकच सांगतो," किशनराव म्हणाले, "कुणी राह्यलं न्हाई पाहिजे."

पहिली यादी एकोणीस जणांची झाली. माजी अध्यक्ष घेतल्यावर माजी उपाध्यक्ष दुकानात येऊन नुसतेच बसून राहिले, चहाही घेतला नाही. त्यांना घेतल्यावर माजी सचिव आले. मैदान देणारे प्राचार्य यादीत होतेच, तर मैदान झाडून घेणारे दोन शिपाई का नकोत, असं कुणीतरी म्हणालं आणि ते विरूपाक्षलाही पटलं. मंडपवाला, मांडवाला बांबू देणारा, आणि बांबूवाल्याचे वडील, कारण खरा धंदा त्यांचाच. बँडचे पाच जण तर पाहुणेच, त्यांना बिनफेट्याचं गायला लावणं बरं दिसलं नसतं. यादी एकेचाळिसावर थांबली, तीही कागद संपला म्हणून.

प्राचार्यांनी मैदान देताना एक अट घातली होती. "बारावीची परीक्षा सुरू आहे. मैदानाच्या चारी बाजूंना हॉस्टेलं आहेत. आठ वाजता आवाज बंद. आठ म्हणजे आठ."

"पाचला सुरू करणार आमी," किशनराव म्हणाले होते. "तीन तास लई झाले."

पाचला उज्वला सोफ्यावर बसली. साडी तीच नेसली होती, नांदेडची. विरूपाक्षने ते पाहिलं आणि आपण पाहिलं नाही असं दाखवलं.

पाचला पाहुणे आले नव्हते. साडेपाचला आले. समई वाऱ्याने चारदा विझली. मग किशनरावांनी मंडळाचा इतिहास सांगितला, तो पंचवीस वर्षांचा असल्यामुळे पंचवीस मिनिटं चालला. सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला सत्कार सुरू झाला. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. फेटे बांधायला मुरुडहून पंचाक्षरी आले होते. माणूस कलेचा पक्का. बांधलेला फेटा ते दोन पावलं मागे जाऊन बघायचे आणि मनासारखा नसला तर सोडून पुन्हा बांधायचे.

"पंचाक्षरी, जरा उरका की," विरूपाक्ष हळूच म्हणाला.

"आप्पा, फेटा हाय हा. पाइपाला चिंधी गुंडाळून राहिलो का मी?"

त्यात ज्याला शाल मिळायची त्याला दोन शब्द बोलायचे असायचे. बांबूवाल्याच्या वडिलांनी बांबूवर बोलायला सुरुवात केली ती थेट निजामाच्या काळापासून. मागे लोक चुळबुळ करू लागले. विरूपाक्षने एकदा सोफ्याकडे नजर टाकली. उज्वला घड्याळ बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, ते जास्त वाईट होतं.

सातच्या सुमारास तो स्टेजमागच्या कनातीत गेला. बँड तिथे बसला होता. गायक रविकिरण पोस्टरवर लांब केस उडवत असायचा. इथे तो पन्नाशीचा, विरळ केसांचा माणूस गळ्याला मफलर गुंडाळून गरम पाणी पीत होता. विरूपाक्षने हात जोडले.

"साहेब, माफी असावी. लई उशीर होऊन राहिला. आता चौदाच सत्कार राह्यलेत."

"चौदाच?" रविकिरण म्हणाला. त्याचा आवाज रेतीवरून पत्रा ओढल्यासारखा येत होता. "आणखी कुणी राहिलं असेल तर घ्या ना. उगाच कुणाला दुखवू नका."

विरूपाक्षला आधी वाटलं, मोठी माणसं अशीच नम्र असतात. मग त्याने पुन्हा तोंडाकडे बघितलं. "साहेब, घसा?"

"चार दिवसांत चार गावं झाली. परवाच बसलाय."

"मग गायचं कसं?"

"वाद्यं ट्रॅकवर आहेत, आधीच रेकॉर्ड केलेली. आणि अवघड जागा आली की मी माईक पब्लिककडे धरतो. पब्लिक म्हणतं."

"आमच्याकडचं न्हाई म्हणत," विरूपाक्ष काळजीने म्हणाला. "आमच्याकडं बसून ऐकतेत." मग त्याने धीर केला. "साहेब, बाकी काय बी करा. 'कडी' तेवढं म्हणा. आमच्या घरी त्याची चोवीस वर्षं वाट बघून राहिलेत."

रविकिरणने ग्लास खाली ठेवला. "काका, मी ते गाणं सव्वीस वर्षं म्हणतोय. तुमच्या घरी ते एकदा ऐकायला मिळावं असं झालंय. मला ते एकदा म्हणायला लागू नये असं झालंय."

दोघेही थकलेले होते. मग पंचाक्षरी पाच फेटे घेऊन आत आले.

सात वाजून अडतीस मिनिटांनी 'सातवा मजला' फेट्यांसह स्टेजवर उभा राहिला. टाळ्या जोरात पडल्या, कारण लोकांना सत्कार संपल्याचा आनंद झाला होता. पहिलं गाणं सुरू झालं. रविकिरणचा आवाज येत होता आणि जात होता. अर्ध्यात ड्रमवाल्याचा फेटा घसरून डोळ्यांवर आला. त्याने दोन्ही काठ्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी फेटा वर सरकवू लागला. ड्रम मात्र तसेच जोरात वाजत राहिले.

"हे काय हो?" मागून कुणीतरी विचारलं. "हात सोडून बी वाजतंय?"

दुसऱ्या गाण्यात रविकिरणने माईक लोकांकडे धरला. "आता तुम्ही!"

मैदान शांत. लोक आपले हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने पुन्हा माईक पुढे केला. "जोरात, लातूर!"

"गायला तुमाला बोलावलंय का आमाला?" खुर्च्यांमधून एक आजोबा म्हणाले. त्यांना मात्र टाळ्या पडल्या.

किशनराव सोफ्यावर घाम पुसत होते. "मोबाईलवर याच्यापेक्षा बरं वाजतं की," असं त्यांच्याच बायकोने त्यांना ऐकवलं. मांडीवरच्या पर्सचा बंद उज्वलाने बोटाला गुंडाळला होता, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

सात चोपन्नला 'कडी' सुरू झालं. विरूपाक्ष त्या वेळी स्टेजच्या कडेला हातात शेवटची शाल घेऊन उभा होता. एकेचाळिसावा सत्कार साउंडवाल्याचा होता आणि तो मशीन सोडून वर यायला तयार नव्हता. सुरावट वाजली. उज्वला सोफ्यावर सरसावून बसली. रविकिरणने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"दार लोटून ठेवलंय, कडी नाही लावली…"

एवढं म्हणेपर्यंत घसा पार गेला. दुसरी ओळ वरच्या पट्टीतली. त्याने तोंड उघडलं, नुसतीच हवा आली. त्याने माईक लोकांकडे धरला. लोकांनी त्याच्याकडे बघितलं. ट्रॅक आपला पुढे चालला होता. उज्वलाचा चेहरा विरूपाक्षला स्पष्ट दिसला. बारा वर्षांपूर्वी, ट्रक आल्याचा फोन केल्यावर तिचा चेहरा त्याला दिसला नव्हता. तो असाच झाला असणार, हे त्याला आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं.

रविकिरणने शेवटचा उपाय म्हणून माईक बाजूला फिरवला. बाजूला शाल घेतलेला विरूपाक्ष होता.

"तुझ्या चपलांपुरती जागा उंबऱ्यात ठेवली," विरूपाक्ष म्हणाला.

म्हणाला म्हणजे गायला. दुकानातून गोदामातल्या माणसाला 'पाऊण इंची एल्बो' म्हणून हाक मारतात त्या आवाजात गायला. लोक हसले. त्याला वाटलं, झालं आपलं काम. पण माईक हलेना. मग त्याने पुढची ओळ म्हटली, मग पहिलं कडवं, मग दुसरं. एक शब्द चुकला नाही. सूर एकही लागला नाही. दर वेळी 'उंबऱ्यात' हा शब्द आला की तो लांबवायचा आणि मग हळूहळू खाली आणून जवळजवळ बंदच पाडायचा. मूळ गाण्यात असं कुठेच नव्हतं. रविकिरणने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं. मैदान लोळून हसत होतं. एकटी उज्वला हसत नव्हती. तिने पदर तोंडाला लावला होता.

बरोबर आठला प्राचार्य उठले आणि आवाज गेला. विरूपाक्षच्या ते लक्षातच आलं नाही. शेवटची ओळ त्याने बिनमाईकची म्हटली, तीही मागच्या बांबूपर्यंत गेली. रविकिरणने आपली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "थँक यू, काका," असं तो म्हणाला असावा. ऐकू काही आलं नाही.

घरी जाताना स्कूटरवर विरूपाक्षनेच विचारलं, "बँड कसा वाटला?"

"बेक्कार," उज्वला म्हणाली. "एकदम बेक्कार. मेला एक ओळ म्हणून गप बसला."

"माझं चुकलंच. यादी लई झाली."

"झालीच." गांधी चौक गेल्यावर ती पुढे वाकली. "अहो, ते उंबऱ्यात म्हणताना तुम्ही आवाज खाली कामून आणलाव?"

"गाणं तसंच हाय की."

"गाणं तसं न्हाई. माझी कॅसेट तशी होती. टेप गुंतायची तिथं."

विरूपाक्षने स्कूटरचा वेग कमी केला. "असं हाय होय," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात ती कॅसेटच बसलीय. मला वाटलं त्यानंच असं म्हटलंय. आज तो तिथपर्यंत गेलाच न्हाई, मग कळणार कसं."

उज्वला मागे बसून हसू लागली. हसता हसता तिने त्याच्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि घर येईपर्यंत तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्ष नेहमीसारखा पेपर घेऊन बसला. आतल्या पानावर हातात शाल घेतलेला त्याचा फोटो होता, तोंड उघडं असलेला. त्याने पान उलटलं. मग त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, बाकी काहीच येत नव्हतं.

"आज लावलं न्हाईस?" त्याने विचारलं.

"काय?"

"ते आपलं. कडीचं."

उज्वलाने तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसला, वरणातली पळी काढून झटकली आणि ती सरळ त्याच्या तोंडासमोर धरली.

विरूपाक्षने पळीकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"घसा बसलाय," तो म्हणाला.

पळी हलली नाही.