पेरिस्टेरॉनिक

१९९८ साली सप्तापूरच्या एका महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या इंदुमतीबाईंच्या प्रयोगशाळेत पारवे शिरत होते. झरोक्याला जाळी नव्हती. तराजूच्या पारड्यात शीट पडे, आणि मार्चमध्ये मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ‘पारव्यांचा त्रास’ म्हणून दिलेल्या अर्जांवर कार्यालय चहाचे कप ठेवत असे.

बाई मोजकं आणि अचूक बोलत. त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. जाडजूड इंग्रजी शब्दकोशात त्यांना ‘पेरिस्टेरॉनिक’ सापडला. अर्थ : पारव्यांविषयीचा. लगेच नवा अर्ज गेला : प्रयोगशाळेत पेरिस्टेरॉनिक उपद्रव आहे.

संध्याकाळी हेडक्लार्क प्रभंजन नाकाला रुमाल लावून दारात हजर.

‘‘अक्का, आत कोण कोण गेलं होतं?’’

‘‘मुलं. रोजच जातात की.’’

‘‘अय्यो देवा!’’

अर्थ कोणीच विचारला नाही. शिकल्यासवरल्या माणसाने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे पदवी परत करणं. प्राचार्य शेषगिरींनी शेरा मारला, ‘बाब गंभीर’. वरच्या कार्यालयाने विचारलं, प्रमाण किती? प्राचार्यांनी कळवलं, वाढतं. ते खोटंही नव्हतं. पिल्लं झाली होती. मग तज्ज्ञांची समिती आली, तिने व्हरांड्यातूनच पाहणी केली आणि प्रयोगशाळेला सील ठोकलं. झरोका तेवढा उघडा ठेवला, हवा खेळती राहावी म्हणून.

परीक्षा तोंडावर आली तशा बाई प्राचार्यांकडे गेल्या.

‘‘सर, ते पारवे आहेत हो. नुसते पारवे.’’

शेषगिरींनी उठून आधी दार लावलं.

‘‘हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. पारव्यांसाठी समिती बोलावली म्हणून तोंड कुठं दाखवू मी? आणि तुम्हाला तर प्रमुख नेमलंय.’’

‘‘कसलं?’’

‘‘पेरिस्टेरॉनिक निवारण कक्षाचं. स्वतंत्र खोली, दारावर पितळी पाटी.’’

बाईंनी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं, आणि पाटी इंग्रजीतच असेल ना, एवढंच विचारलं.

मुलांनी ब्युरेटच्या काचनळीला हात न लावता, फळ्यावर तिचं चित्र काढून प्रात्यक्षिक दिलं. सगळी पास झाली. प्रयोगशाळेत आज पारव्यांची कितवी तरी पिढी नांदते आहे, आणि पाटीसमोरून जाणारे थांबतात, वाचतात, समजल्यासारखी मान डोलावतात.

हसू नका. या गोष्टीच्या वर ‘पारवे’ एवढंच लिहिलं असतं, तर आपण त्यावर चहाचा कप ठेवला असता.