रामटेक्यांची गाडी, व्हर्जन चार

मिलिंद रामटेके गाडीत शेजारच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवत आणि त्याला सीट बेल्ट लावत. बेल्टचा खटका वाजल्याशिवाय गाडी सुरू करत नसत. नवख्या माणसाला वाटे, काही नवसाबिवसाचा प्रकार असेल. रामटेके नवस करणाऱ्यांतले नव्हते. तो तांब्या हा त्यांचा पॅसेंजर होता, आणि गाडी घरी आली की पॅसेंजर किती सांडला हे मोजायचं काम माझ्याकडे होतं.

माझ्याकडे कसं आलं ते सांगते. दोन हजार सहा साल. आम्ही अमेरिकेत, मॉरिसव्हिलला नवीनच आलो होतो. नवरा सकाळी ऑफिसला जाई आणि मी व्हिसाच्या कृपेने घरी. पुण्यात मी एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये होते. इथे मोजायला मिळत होते फक्त राइस कुकरचे कप. म्हणून शेजारच्या ड्राइव्ह-वेवरून रामटेक्यांनी, "वहिनी, तुमच्याकडे मापाचा कप आहे काय?" असं विचारलं, तेव्हा मी कप तर दिलाच, वर वहीही काढली. तो कप मला परत मिळाला नाही.

रामटेके नागपूरचे, वय अडतीस, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. लग्न झालं नव्हतं, गॅरेज होतं. "टेस्ट केल्याशिवाय बोलायचं नाही," हे त्यांचं पालुपद, आणि ते फक्त बोलण्यापुरतं नव्हतं. आमच्या दाराची नवी बेल त्यांनी सलग तीस वेळा वाजवली होती. मी दार उघडून उभी होते तरी वाजवत होते. "एकतिसाव्या वेळी फेल झाली तर?" असं मलाच विचारलं. माझी पुरणपोळी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा चतकोर खाऊन पाच मिनिटं गप्प बसले आणि मग "पास" म्हणाले. त्यानंतर साडेचार खाल्ल्या, हेही सांगायला हवं.

आता गाडी. हॉट रॉड म्हणजे आजोबांच्या काळातल्या मोटारीचा सांगाडा आणि त्यात नको इतकं मोठं इंजिन. अमेरिकेत हा छंद असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, पण आपल्यातला मी एकच पाहिला. रामटेक्यांनी ती गाडी तीन वर्षं खपून स्वतः बांधली होती. इंजिन भंगारातल्या ट्रकचं, पुढची चाकं उघडी, रंग एसटीचा लाल. सुरू केली की आमच्या कपाटातल्या वाट्या एकमेकींशी बोलायला लागत. कॉलनीच्या असोसिएशनने आवाजाबद्दल पत्र पाठवलं, तेव्हा त्यांनी तीन पानी उत्तर दिलं. त्यात गाडीच्या आवाजाची मोजमापं होती आणि शेवटी तुलनेसाठी असोसिएशनच्या अध्यक्षांच्या लॉनमोवरचीही होती. अध्यक्षांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये रामटेक्यांचे वडील सहा महिन्यांसाठी आले. काका चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं बेताचं. मुलगा मोठ्या हौसेने त्यांना आणायला विमानतळावर हॉट रॉड घेऊन गेला. घर वीस मिनिटांवर. बाराव्या मिनिटाला काकांना गाडी लागली.

चौतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गाडी लागली, हे काकांच्या दृष्टीने सांगण्यासारखं नव्हतं. "पाणी बदललं," ते म्हणाले. पण चार दिवसांनी देशी किराण्याच्या दुकानात जाताना तेच. रामटेक्यांनी मागून नेलेल्या आमच्या साध्यासुध्या, म्हाताऱ्या माणसासारख्या चालणाऱ्या गाडीतही तेच. मला कळलं ते आलेपाकामुळे. एवढा आलेपाक रामटेके माझ्याकडून कुणासाठी करवून घेत आहेत, ते मी विचारलं. "बाहेर बोलू नका वहिनी. डेपोत कळलं तर बाबा परत जायचे नाहीत नागपूरले," ते म्हणाले.

आणि काकांना जायचं होतं न्यूयॉर्कला. तिथल्या एका विद्यापीठाच्या पायऱ्या बघायच्या होत्या. ते विद्यापीठ कोणतं आणि तिथे कोण शिकून गेलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. काकांच्या घरात त्या माणसाच्या फोटोखालीच मिलिंदरावांचा अभ्यास झाला होता. पाचशे मैल, नऊ-दहा तास. विमानाने न्या, असं माझ्या नवऱ्याने सुचवलं. काका मान हलवून म्हणाले, "विमानातून काय दिसते? ढग. मले रोड पाहाचा हाये."

झालं. ऑक्टोबरमध्ये काका परतणार, त्याआधी त्यांना रस्त्याने, न लागता, न्यूयॉर्कला न्यायचं. रामटेक्यांनी गाडी उघडली आणि व्हर्जन दोन जाहीर केलं.

वडिलांवर पुन्हा पुन्हा प्रयोग करणं बरं दिसेना, म्हणून तांब्या आला. पाणी जितकं कमी सांडेल तितकी गाडी कमी लागेल, असा हिशोब. मलाही तो पटला होता, हे कबूल करते. पहिल्या फेरीत अर्धा तांब्या सीटने प्यायला. मग स्प्रिंगा मऊ झाल्या. पुढचा अॅक्सल बदलला. पेट्रोलचा वास येतो म्हणून टाकी मागे गेली, आवाजाने डोकं उठतं म्हणून सायलेन्सर दोनाचे चार झाले. लांबच्या पल्ल्याला इंजिन तापू नये म्हणून मोठा रेडिएटर आला, आणि उन्हाचं काय, म्हणून एसी. सीट एका मोडीत काढलेल्या अॅम्ब्युलन्समधली मिळाली. माझ्या वहीत सांडलेल्या पाण्याचे आकडे रोज उतरत होते. मी इतकी रमले होते की एका सोमवारी नवऱ्याच्या डब्यात भाजीशिवाय नुसत्या पोळ्या गेल्या.

काका गॅरेजमध्ये स्टुलावर बसत. मुलाने गाडीखालून हात बाहेर काढला की त्यात हवा तो पाना ठेवत. नंबर विचारत नसत. पण गाडीबद्दल त्यांचं मत एकच. "आवाज जास्त करते हे." चार सायलेन्सर लावल्यावर गाडी मांजरीसारखी घुरघुरायला लागली, तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "आता आवाजच नाही करत." रामटेके हसले, पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. कौतुकाची वाट बघणारं माणूस मला लांबून ओळखू येतं, कारण मी स्वतः त्यातलीच आहे.

शनिवारी सकाळी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये हॉट रॉडवाले जमत. एकदा आम्हीही गेलो. रॉन नावाचा पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ या मंडळींचा म्होरक्या होता. त्याने विचारलं, "एवढं सगळं केलंस, आता जाते किती?" रामटेके अभिमानाने म्हणाले, "दोन चमचे." रॉनला वाटलं, आपल्याला इंग्रजी कळलं नाही. मी वही दाखवली, तांब्या दाखवला. ताशी दीडशे मैल जाण्यासाठी जन्मलेलं इंजिन घेऊन या माणसाने अख्ख्या नॉर्थ कॅरोलिनातली सगळ्यात गुळगुळीत गाडी बनवली आहे, हे समजल्यावर रॉनने टोपी काढून छातीशी धरली. आदराने की दुखवट्याने, ते मी विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी व्हर्जन तीन झालं. तांब्यातून एक थेंब सांडला नाही. काका पुढे बसले, मी मागच्या अरुंद जागेत, मांडीवर वही. तळ्याकाठचा वळणांचा रस्ता. गाडी लोण्यासारखी चालली होती. नवव्या मैलाला काका हळूच म्हणाले, "मिलिंद, बाजूले घे."

 घरी आल्यावर काका आत जाऊन झोपले आणि रामटेके तांब्या हातात घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसले. "काय चुकलं वहिनी? डेटा तर बरोबर आहे न."

मी मागे बसून एक गोष्ट पाहिली होती. सबंध रस्ताभर काकांचा उजवा पाय खाली नसलेला ब्रेक शोधत होता. पुढचा सिग्नल लाल व्हायच्या आत तो दाबला जाई. वळण यायच्या आधी त्यांचे खांदे वळत, आणि मग गाडी वळे, अर्ध्या क्षणाने. दर वेळी अर्धा क्षण. ते बघताना मला आठवलं की नवऱ्याच्या शेजारी बसले की मलाही मळमळतं, पण गेल्या महिन्यात मी स्वतः शिकायला लागल्यापासून, मी चालवत असताना एकदाही नाही.

"तुमचा तांब्या चुकला," मी म्हणाले. "तांब्याला गाडी चालवता येत नाही. काकांना येते."

 रामटेक्यांनी तांब्यातलं पाणी हिरवळीवर ओतून दिलं आणि गॅरेजचं दार खाली ओढलं.

तीन आठवडे ते दार उघडं दिसलं नाही. ऑफिसमधून आले की आत. काकांनाही प्रवेश बंद. काका आमच्याकडे येऊन चहा पीत आणि खिडकीतून त्या बंद दाराकडे बघत. "माह्यामुळं पोराचा जीव चालला," एकदा ते म्हणाले. "मी यायलेच नव्हतं पाहिजे, पोरी."  मी उगाच आणखी चहा केला.

सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी दार वर गेलं. व्हर्जन चार बघायला आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं. गाडी होती तशीच होती, फक्त स्टिअरिंग उजवीकडे होतं. पेडल, गिअर, आरसे, सगळं उजवीकडे. अमेरिकेत उभी असलेली, पण नागपूरच्या माणसाच्या हाताला बरोबर लागेल अशी गाडी. इंजिनाचा एक पाइप वाटेत येत होता, तो त्यांनी कापून उलटा फिरवला होता. हाताला दोन ठिकाणी भाजलेलं दिसत होतं.

"बाबा," रामटेके म्हणाले, "लायसन्सचं काहीतरी करू आपण. इथल्या ऑफिसात विचारतो. टेस्ट द्यावी लागली तर तुम्ही..."

काका वळून घरात गेले. मला वाटलं, रागावले. माझा नवरा खाली मान घालून बुटाकडे बघायला लागला. पाच मिनिटांनी काका आले ते एक खाकी लिफाफा घेऊन. आत करकरीत आंतरराष्ट्रीय परवाना होता. निघायच्या आठ दिवस आधी नागपूरच्या आरटीओतून काढलेला. फोटोत काका खाकी शर्टात होते. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झालेली, तरी फोटोसाठी ते कपडे पेटीतून काढलेले.

रामटेक्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "पाच महिने झाले, बाबा. काहून नाही सांगितलं?"

"तुह्यी गाडी हाये," काका म्हणाले. "तू इतक्या हौसेनं चालवतं. मी कसं मागू?"

बाप मुलाच्या हौसेसाठी पोटात ढवळत असताना गप्प बसला होता, आणि मुलगा बापासाठी गाडी सोलत बसला होता. पाच महिने दोघे एका गॅरेजमध्ये होते, पाने देत-घेत. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

पुढच्या शुक्रवारी पहाट सरता सरता ते निघाले. त्याआधी तीन दिवस काकांनी कॉलनीत आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर हात बसवून घेतला होता, आणि "रोडची बाजू उलटी हाये, बाकी रोड तो रोड," असा निकाल दिला होता. रामटेके डावीकडच्या सीटवर बसले होते, हात मांडीवर. त्यांना काही काम नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

फोन संध्याकाळी आला.

"पोचलो वहिनी. बाबांना काही नाही झालं. मला व्हर्जिनियात दोनदा झालं." मग म्हणाले, "बाबांनी न्यूयॉर्कमध्ये गाडी पार्क केली, दोन ट्रकच्या मधात. एका झटक्यात. एक पोलीस थांबून पाहून राहिला होता."

"पायऱ्या पाहिल्या?"

"पाहिल्या न. खाली वाकून हात लावला. मग वरच्या पायरीवर बसले बराच वेळ."  मागे माणसांचे आवाज येत होते. "मी पाणी आणायला गेलो होतो. परत आलो तर बाबा गाडीजवळ उभे. जो कोणी थांबते गाडी पाहायला, त्याला सांगून राहिले. मराठीत, वहिनी. गोरे, काळे, चिनी, सगळ्यांना."

"काय सांगतायत?"

"माह्या पोरानं बनवली. माह्यासाठी."

मी गॅस बंद केला.

"गाडी बांधून झाली तेव्हाच फोटो पाठवले होते मी," रामटेके म्हणाले. "चांगली झाली असं मला एकदाही नाही म्हणाले. मी आत्ता कोपऱ्यावरच उभा आहे. जवळ गेलो की बंद होतील. थोडा वेळ इथूनच ऐकतो."