कमांडर झोरॅक आणि दोन कपाटं

मला कपाट उघडता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याआधी दुसऱ्या कोणी ते सांगितलं असं व्हायला नको. आमच्या घरच्या लोखंडी कपाटाचं हँडल जरा उचलून, मग दाबून, मग पुन्हा उचलावं लागतं. माझ्या बायकोला, शुभदाला, ते डोळे मिटून जमतं. लग्न झाल्यापासून मी माझा बनियनसुद्धा तिला हाक मारून काढून घेतो. ऑफिसातही तेच. शेती खात्याच्या एका तालुक्याच्या कचेरीत मी भांडार सांभाळणारा कारकून (तालुका कोणता ते सांगत नाही, साहेब अजून ठणठणीत आहेत). भांडाराच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, पण कपाट उघडून देतो आमचा शिपाई बाबुलाल.

म्हणूनच माझा साळा क्षितिज कंपनीच्या कामाने सहा महिने अमेरिकेला निघाला, तेव्हा त्याने आपला कमांडर झोरॅक आमच्या घरच्या कपाटात ठेवला. झोरॅक म्हणजे वीतभर उंचीचा अंतराळवीर. अंगात चांदीच्या रंगाचं चिलखत, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर टाकी, टाकीतून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला लांब बंदूक. मी ‘बाहुला’ म्हणालो तर क्षितिज दुखावला. “भाऊजी, फिगर म्हणा. जगात असे पाचशेच आहेत. तळपायावर नंबर आहे.” शिवाय त्याला डब्याबाहेर काढायचं नव्हतं. डब्याच्या पारदर्शक खिडकीतून नुसतं बघायचं. सील तुटलं की त्याची इज्जत गेली. खेळणं आणायचं आणि खोक्यात बंद करून ठेवायचं, यावर मी जेवताना ठसका लागेपर्यंत हसलो. शुभदाने भावाला धीर दिला, “तू बिनघोर जा. मी शब्द देते. आणि यांना तर कपाट उघडताच येत नाही.”

वीसेक वर्षं झाली याला. कापसाची ती पडती वर्षं होती. दर पंधरा दिवसांनी कुठलं तरी पथक जिल्ह्याच्या पाहणीला यायचं, आणि पथक येणार म्हटलं की आमची कचेरी मेळावा भरवायची. ऑगस्टच्या शेवटी असाच फोन आला. साहेबांनी मला बोलावलं आणि सुरक्षित फवारणीचा स्टॉल माझ्या गळ्यात घातला. मास्क, चष्मा, हातमोजे असे वीस संच भांडाराच्या कपाटात पडून होते. त्यातला एक काढून एखाद्या पुतळ्याला घालू का, असं मी विचारलं. साहेब दचकले. त्या संचांचं वाटप मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं होतं, पाहुण्यांची तारीख जूनपासून मिळत नव्हती, आणि तोवर सील तोडायचं नाही, असा आदेश होता. मॉडेल करा काहीतरी, म्हणाले.

मी यवतमाळहून अप-डाऊन करायचो. त्या दिवशी घरी आलो तर शुभदा भाजीला गेलेली. कपाटासमोर घाम पुसत उभा होतो आणि मला झोरॅक आठवला. पाठीवर टाकी, टाकीला नळी, हातात लांब दांडा. हा तर आपला फवारणीवाला, चुकून अंतराळात गेलेला. फक्त हेल्मेटला पिवळा वॉटरकलर लावायचा, मेळावा झाला की धुऊन डब्यात परत ठेवायचा, एवढंच मी ठरवलं. हँडलला हात लावला आणि कपाट उघडलं. लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा, एका झटक्यात. मी याला शुभशकुन समजलो (माझी एकूण समज अशीच आहे).

सील तोडलं. वॉटरकलर त्या प्लास्टिकवर टिकेना, थेंब थेंब होऊन ओघळला. म्हणून शुभदाचं नेलपॉलिश लावलं. ते गुलाबी निघालं. ते काढायला रिमूव्हर लावलं, तर ते खाली ओघळून गुलाबीबरोबर चांदीही निघाली आणि कमांडरच्या छातीला टक्कल पडलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. रिकामा डबा खिडकी भिंतीकडे करून ठेवला, झोरॅकला टिफिनच्या पिशवीत घातलं आणि आर्णी रोडवर जफरकडे गेलो. जफर गाड्यांना रंग मारतो. माझी स्कूटर त्याने एकदा अशी रंगवली होती, की स्टँडवर ती मला ओळखूच आली नाही आणि मी चालत घरी आलो होतो.

जफरने झोरॅकला उलटंपालटं करून पाहिलं. रंग धरायला हवा म्हणून अंगभर पॉलिश पेपर घासला. मग थिनरमध्ये भिजवलेला बोळा तोंडावरून फिरवला. बोळा खाली आला तेव्हा कमांडरला नाक नव्हतं.

मी बोळा उलगडून त्यात नाक शोधलं. जफर शांत होता. “नंदूभाऊ, मास्क लावाचाच आहे ना? मंग नाक कोन पाह्यते?”

त्याने पुटीचा गोळा दाबून मास्क केला, चिलखतावर रेनकोटचा पिवळा मारला, हात निळे केले, पाय गमबुटांसारखे काळेभोर. बंदुकीचं टोक कापून तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची पितळी टोपी बसवली, फवाऱ्याचं तोंड म्हणून. टाकीवर लिटरच्या बारीक खुणा मी स्वतः काढल्या. खरं सांगतो, तेव्हा मला लाज वाटली नाही. अभिमान वाटला. आज त्या अभिमानाचीच जास्त लाज वाटते.

मेळाव्यात झोरॅकभोवती गर्दी जमली. पथकातल्या बाईंनी फोटो काढला. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला (सोळा वर्षांच्या नोकरीत प्रथमच). गर्दी ओसरल्यावर एक उंच, वाळका माणूस तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडत पुढे आला. उकंडा त्याचं नाव. मजुरीने फवारणी करायचा. त्याचे डोळे लाल होते. त्याने झोरॅकच्या मास्कवर बोट ठेवलं.

“बाबूजी, हे कुठी भेटते?”

ते मॉडेल आहे, असं मी समजावलं.

“ते समजलं जी. मॉडेलले हाय, मंग मानसाले काहून नाई? फवारून आलो का रातभर मळमळते. दुपट्ट्यानं काई होत नाई.”

माझ्या तोंडून सवयीने निघालं, “कचेरीत या, पाहू.” हे वाक्य आम्ही माणसाला घालवायला वापरतो, बोलवायला नाही.

संध्याकाळी साहेबांनी झोरॅकला पुढच्या पथकासाठी म्हणून भांडाराच्या कपाटात, त्या संचांपुढे ठेवायला लावलं. आता आदेशाशिवाय कपाट उघडायचं नाही, म्हणाले. घरी आलो तर शुभदा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेली. क्षितिजचं काम लवकर आटोपलं होतं, महालक्ष्म्यांसाठी तो रविवारी संध्याकाळी पोचणार होता, आणि भावाची वस्तू पुसून ठेवावी म्हणून तिने कपाट उघडलं होतं. मी सगळं सांगितलं. नाकाचंही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “मी त्याला शब्द दिला होता,” एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघं कचेरीत पोचलो. पायरीवर उकंडा बसला होता. मी ‘या’ म्हणालो होतो, आणि एरवी मजुरी बुडते म्हणून तो बिचारा सुट्टीच्या दिवशी आला होता. त्याला थांबायला सांगून मी आत गेलो. आदेश, नियम, नोकरी यातलं काही न आठवता कपाटाला किल्ली लावली. अर्थातच कपाट उघडलं नाही. बाबुलाल गावाला गेलेला. शुभदाने मला बाजूला केलं, हँडल उचललं, दाराला गुडघा मारला आणि दोन्ही दारं उघडली.

झोरॅक समोरच उभा होता. त्याच्यामागे रचलेली वीस खोकी.

“यात काय आहे?” तिने विचारलं.

मास्क, मी म्हणालो. हातमोजे, चष्मे.

“कोणासाठी?”

मी दाराकडे पाहिलं. दारात उकंडा उभा होता.

शुभदाने खोक्यावरची जूनची तारीख वाचली, सीलवरून बोट फिरवलं. “आणि तुम्ही क्षितिजला हसत होतात,” ती म्हणाली.

तेव्हा मला जी लाज वाटली ती नाकाची नव्हती. एका बाहुल्यासाठी मी दीड तास एसटीत उभा राहून आदेश मोडायला आलो होतो, आणि माणसांसाठी तीन महिने ती किल्ली नुसती कमरेला लावून फिरत होतो. मी पहिलं सील तोडलं. मास्कचे पट्टे कसे लावायचे ते उकंडाला कळेना. मलाही कळेना (मी भांडार सांभाळतो). शेवटी झोरॅकला टेबलावर उभं करून, त्याच्याकडे बघत बघत आम्ही पट्टे बसवले. उकंडाने वस्तीत जाऊन आणखी फवारणीवाले आणले. दुपारपर्यंत कपाट रिकामं झालं.

संध्याकाळी क्षितिजने झोरॅक हातात घेतला, उलटा केला आणि तळपाय पाहिले. तिथे गमबुटाचा काळा रंग होता. “इथे नंबर होता, भाऊजी,” तो म्हणाला. मी माफी मागितली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, महालक्ष्म्यांच्या आंबिलीची आग्रहाची वाटीसुद्धा त्याने शुभदाकडूनच घेतली. तिने त्याला उकंडाचं सांगितलं असावं, कारण निघताना त्याने झोरॅक परत तिच्या हातात दिला. “राहू दे इथेच,” म्हणाला. “पण कपाटात नको ठेवू.”

पुढच्या आठवड्यात मला नोटीस आली, आदेशाशिवाय भांडाराचं कपाट का उघडलं म्हणून. मी चार पानी खुलासा लिहिला. त्यात उकंडाचे डोळे लिहिले, माझी लाज लिहिली. शुभदाचं नाव येऊ नये म्हणून शेवटी ठणकावून लिहिलं, की कपाट मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, माझ्या जबाबदारीवर उघडलं असून होईल ती शिक्षा मला मान्य आहे. इतकं धाडस मी जन्मात केलं नव्हतं. निलंबन झालं तर काय करायचं, हेही आम्ही नवरा-बायकोने बोलून ठेवलं.

आठ दिवसांनी साहेबांच्या सहीचं पत्र आलं. अडीच ओळींचं.

‘खुलासा अमान्य. सदर कर्मचाऱ्यास कपाट उघडता येत नाही, ही बाब कार्यालयास पूर्वीपासून ज्ञात आहे. सबब प्रकरण बंद.’