बारा नंबरला आधी कळायचं

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला गिरीश करंबेळकर मरून रंगाचा जुना टी-शर्ट चढवून सोफ्यावर बसला, की त्याची बायको श्यामला बेडरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची. त्या टी-शर्टवर एका पायावर उभा असलेला बगळा होता. बावीस वर्षांपूर्वी गिरीशने अमेरिकेतल्या वॉलनट रिव्हर नावाच्या कॉलेजात एम.एस. केलं होतं, आणि बगळा ही त्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची खूण होती. पुढे गिरीश पुण्यात आला, तिथून रियाधला एका बँकेच्या आयटी खात्यात आला, अल मलाझमधल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अकरा नंबरचा फ्लॅट घेऊन राहिला. डोक्यावरचे केस गेले. बगळे काही सुटले नाहीत.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं, समोरच्याने आडवं पाडायचं आणि पायाचा संबंध येईल तेवढाच यायचा. बगळे पळण्यात कमी नव्हते. अडतीस अडतीस गुण करायचे आणि एकेचाळीस देऊन बसायचे. समोरचा गडी चेंडू घेऊन निघाला की बगळ्यांचा डिफेन्स त्याला लग्नात पाहुण्याला वाट द्यावी तशी वाट द्यायचा.

"धर त्याला, मेल्या, धर ना," गिरीश टीव्हीला सांगायचा. "हात आहेत ना तुला? कंबरेला धर."

"अरे, तो अमेरिकेत आहे," बेडरूममधून आवाज यायचा.

सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची गोष्ट. तिकडे सकाळी अकराला, म्हणजे इथे संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना उत्तरार्धात आला होता. बगळे तीन गुणांनी पुढे होते आणि चेंडू समोरच्यांकडे होता. गिरीश चहाचा कप तोंडाला लावणार, तोच त्याच्या मागच्या भिंतीतून आवाज आला.

"ला… ला… लाऽऽ."

बायकी नाही, पुरुषी नाही, असा काहीतरी दबलेला आवाज होता. एखाद्याच्या छातीवर दगड ठेवला तर यावा तसा. 'ला' म्हणजे नाही, एवढं अरबी गिरीशला येत होतं. पण भिंतीपलीकडे बारा नंबरचा फ्लॅट होता आणि तो मेपासून रिकामा होता. तिथले मिसरी, म्हणजे इजिप्तचे, मास्तर कायमचे गावी परतले होते. गिरीशने कप खाली ठेवला, कान दिला. काही नाही. मग टीव्हीवर समोरचा गडी सुटला, बगळ्यांच्या चौघांमधून आरामात पळत रेषेपार गेला.

पुढच्या पाऊण तासात हे आणखी तीनदा झालं. भिंत कण्हायची आणि त्यानंतर अर्धा-पाऊण मिनिटात बगळे खड्ड्यात जायचे. चौथ्या वेळी गिरीशने घड्याळ लावलं. बरोबर चाळीस सेकंद.

"श्यामला, जरा बाहेर ये."

"हरलात ना? मग मी येऊन काय करू?"

"अजून हरलो नाही. पण हरणार आहोत. भिंत सांगतेय."

श्यामला बाहेर आली ती त्याचा रक्तदाब बघायचं यंत्र घेऊनच. पण त्याच वेळी भिंत पुन्हा कण्हली. तिने यंत्र हळूच टीपॉयवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसली. चाळीस सेकंदांनी बगळे सामना हरले.

दुसऱ्या दिवशी तिने इमारतीच्या हारिसला, म्हणजे खालच्या रखवालदाराला, गाठलं. झैद बांगलादेशचा, बारा वर्षं याच दारात बसलेला.

"झैदभाई, बारा नंबर में कोई आया है क्या?"

"कोई नहीं, मॅडम," झैद म्हणाला. प्रश्न संपायच्या आतच म्हणाला. "खाली है. ताला लगा है."

"लेकिन आवाज आती है."

झैदने तिच्याकडे पाहिलं नाही. "पुराना बिल्डिंग है, मॅडम," एवढंच म्हणून तो पाण्याचा टँकर बघायला गेला. टँकर काही आलेला नव्हता.

तिसऱ्या शनिवारी तेच झालं. आता गिरीश सामन्याकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघू लागला. भिंत गप्प असली की तो निवांत शेंगदाणे खायचा. कण्हली की मुठी आवळून, जे होणार ते माहीत असूनही, टीव्हीवर ओरडायचा. जो गडी सुटणार हे भिंतीने चाळीस सेकंद आधीच सांगितलं आहे त्याला धरायला सांगण्यात काय अर्थ आहे, असं श्यामलाने विचारलं. पण ओरडणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी प्रकरण चिघळलं. सकाळपासूनच बारा नंबरमधून कुराणपठण ऐकू यायला लागलं. एकच शांत, सलग आवाज, मधे माणसाची चाहूल नाही, पावलं नाहीत, नळ नाही. दुपारी जिन्यात बखूरचा, म्हणजे अरबी धुपाचा, दाट धूर भरला. तो बाराच्या दाराखालून येत होता. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"घरात काही असलं की इथली माणसं असं पठण लावून ठेवतात," श्यामला म्हणाली. तिला हे ऑफिसातल्या तस्नीमने सांगितलं होतं. "म्हणजे त्यांनाही माहीत आहे गिरीश, की आत काहीतरी आहे."

"त्यांना म्हणजे कोणाला? आत कोणी नाही ना?"

श्यामलाने उठून दाराची कडी पुन्हा तपासली.

संध्याकाळी श्यामलाने कपाटातला देव्हारा उघडला. रियाधच्या सहा वर्षांत तिने त्यातली घंटा एकदाही वाजवली नव्हती. शेजाऱ्यांना त्रास नको, हा तिचा स्वतःचाच नियम. त्या दिवशी तिने उदबत्ती लावली, भिंतीशी उभं राहून रामरक्षा म्हटली आणि घंटा वाजवली. एकदाच, बारीक.

पलीकडचं पठण थांबलं. काहीतरी जड जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग पळत जाणारी पावलं.

"लागू पडलं," गिरीश कुजबुजला.

"मी उद्या दुसरं घर बघायला जातेय," श्यामला म्हणाली.

तिने खरंच बघितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नवं, पातळ भिंतींचं. पुढच्या रविवारी कळवते, असं तिने दलालाला सांगितलं.

मधे आला पाचवा शनिवार. सामना कट्टर वैऱ्याशी होता. बगळ्यांनी नेहमीसारखे ढीगभर गुण केले, ढीगभर दिले आणि शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा ते चार गुणांनी पुढे होते. फक्त एकदा अडवायचं होतं. गिरीश उभा राहिला. श्यामला जपमाळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. भिंत गप्प होती.

"गप्प आहे," गिरीश म्हणाला. "श्यामला, भिंत गप्प आहे. आज जिंकतोय आपण."

तेवढ्यात भिंतीपलीकडे कोणीतरी हुंदका दिला. कण्हणं नव्हे. साधा, माणसाचा, हरलेल्या माणसाचा हुंदका.

गिरीशला काय झालं कोण जाणे. पुढचं बघायची गरजच नव्हती. तो तसाच अनवाणी बाहेर गेला. जिन्यातला दिवा गेलेला होता. बारा नंबरचं कुलूप निघालेलं होतं आणि दार बोटभर उघडं होतं. आतून निळसर उजेड हलत होता. गिरीशने दार ढकललं.

रिकाम्या खोलीत, त्याच्या घराकडच्या भिंतीला कपाळ टेकवून, पाठमोरी एक उंच पांढरी आकृती उभी होती. ती हळूहळू वळली.

ओरडलं कोणीच नाही. गिरीशच्या कपाळावर श्यामलाने लावलेला अंगारा होता, पाय अनवाणी होते. पायघोळ पांढरा तोब घातलेल्या त्या माणसाच्या एका कानात इअरफोन होता, डोळे ओले होते. त्याची नजर गिरीशच्या चेहऱ्यावरून खाली आली, आणि छातीवरच्या बगळ्यावर थांबली. बराच वेळ थांबली.

"कोणत्या वर्षीचा?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"दोन हजार तीन," गिरीश म्हणाला.

"मी अकरा. मेकॅनिकल." त्याने डोळे पुसले. "बघितलंस? पाच माणसं होती त्याच्यासमोर. पाच."

"मी अजून बघितलं नाही," गिरीश म्हणाला, आणि त्याच्या उघड्या दारातून टीव्हीवरच्या वैऱ्यांचा जल्लोष जिन्यात आला. दोघांनीही एकदमच तोंड वाकडं केलं.

माणसाचं नाव फहाद होतं. स्कॉलरशिपवर वॉलनट रिव्हरला गेला होता, आता इंजिनिअर होता. बगळ्यांचे सामने बघताना त्याची नाडी इतकी वाढायची की डॉक्टरने बंदी घातली होती आणि त्याची बायको नबीला ती बंदी काटेकोर पाळून घेत होती. शनिवारी संध्याकाळी तो तब्येतीसाठी चालायला जातो, असं घरी ठरलेलं होतं. फ्लॅट त्याच्या मामांचा होता. झैदला त्याने कोणाला सांगू नकोस म्हणून हात जोडले होते. चित्र तो आवाज बंद करून बघायचा आणि कॉलेजचा रेडिओ कानात लावायचा. रेडिओ गिरीशच्या टीव्हीपेक्षा चाळीस सेकंद पुढे होता.

"पण मला सांग," फहाद खालच्या आवाजात म्हणाला, "मी कण्हलो की चाळीस सेकंदांनी या भिंतीतून कोणीतरी परक्या भाषेत किंचाळायचं. दर वेळी. त्या शनिवारी मी सकाळीच येऊन पठण लावून गेलो. दुपारी बखूर जाळून गेलो. मग संध्याकाळी एक घंटा वाजली. वल्ला, शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी चपला सोडून पळालो."

श्यामला दारात येऊन हे ऐकत होती. ती इतकी हसली की तिला जिन्यात बसावं लागलं. रविवारी तिने दलालाला नको म्हणून कळवलं.

पुढचे तीन शनिवार गिरीश बारामध्ये बसला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला बगळ्यांबद्दल बोलायला कोणी मिळालं होतं. डिफेन्सच्या कोचला दोघांनी दोन भाषांत शिव्या दिल्या. पण गिरीशला चैन पडेना. इथे रेडिओ दोघांच्या कानात असायचा, त्यामुळे घाव सूचना न देता यायचे. आशा लावून बसायचं आणि रेडिओवर अचानक गडी सुटायचा. भिंतीच्या अलीकडे निदान चाळीस सेकंद मन घट्ट करायला मिळायची.

"राग मानू नकोस," तो शेवटी म्हणाला. "मी माझ्या घरी बसतो. तू इथेच बस. फक्त जरा मोठ्याने कण्ह."

फहादला हे लगेच कळलं. बगळ्यांच्या माणसालाच कळलं असतं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी गिरीश पुन्हा आपल्या सोफ्यावर बसला. तिकडची घड्याळं अजून बदलली नव्हती, सामना सातलाच होता. भिंतीने काम चोख केलं. सहा वेळा कण्हली, सहाही वेळा गडी सुटला. आवाज आज जरा खोल होता, पण गिरीशने ते सर्दीवर ढकललं. सामना संपल्यावर श्यामलाने केलेले बेसनलाडू ताटलीत घेऊन तो आभार मानायला बाहेर पडला.

बाराला बाहेरून कुलूप होतं.

झैद खाली होता. "फहाद साहब? वो तो बुधवार से उधर दूर जिझान शहर में हैं. काम से गए हैं."

गिरीशने ताटली झैदच्या खुर्चीवर ठेवली आणि फोन लावला.

"माफ कर, सांगायचं राहिलं," फहाद म्हणाला. मागे यंत्रांची घरघर होती. "दिवसभर रिफायनरीत होतो. आज ऐकायलाही मिळालं नाही. किती दिले?"

"त्रेचाळीस. फहाद, बाराची किल्ली कोणाकडे आहे?"

"माझ्या खिशात. का?"

गिरीशने सांगितलं.

"किती सेकंद आधी?" फहादने विचारलं.

"आज मोजलं नव्हतं." गिरीशने आठवून पाहिलं. "पण मधे मी उठून पाणी पिऊन आलो होतो. मिनिट असेल. जास्तच."

"रेडिओ चाळीसच पुढे असतो," फहाद हळू म्हणाला. "मिनिटभर आधी तर मैदानावरच्यांनाही माहीत नसतं." मग म्हणाला, "तू नीट ऐकलंस? सहाच्या सहा बरोबर?"

"सहाच्या सहा."

"मग पुढच्या शनिवारी मी तुझ्याकडे बसतो."

घरी गिरीशने यातलं काही सांगितलं नाही. दलालाला नको म्हणून झालं होतं, श्यामला पुन्हा नीट झोपू लागली होती.

पुढच्या शनिवारी तिकडची घड्याळं मागे गेल्यामुळे सामना आठला आला. फहाद खजुरांचा डबा घेऊन अकरा नंबरमध्ये आला. रेडिओ त्याने आणला नव्हता. बाराची किल्ली त्याने खिशातून काढून टीपॉयवर, दोघांना दिसेल अशी ठेवली. दोघं सोफ्यावर तिरके बसले, एक डोळा टीव्हीवर आणि एक कान भिंतीला.

किल्ली तिथेच असताना भिंत चारदा हळूच कण्हली आणि चारही वेळा मिनिटभराने गडी सुटला. शेवटचं मिनिट आलं. बगळे एका गुणाने पुढे, समोरचे रेषेपासून दहा पावलांवर. दोघांनी टीव्हीकडे बघणं सोडलं. भिंत गप्प होती. गिरीशने मनात साठपर्यंत आकडे मोजले. भिंत गप्पच.

"अडवणार," फहाद ओठांतल्या ओठांत म्हणाला.

आणि बगळ्यांनी अडवलं. पोटाला धरून, रेषेच्या वीतभर अलीकडे, त्या गड्याला पद्धतशीर आडवं पाडलं. मोसमातला पहिला विजय. गिरीशने दोन्ही हात वर केले, पण तोंडातून आवाज काढला नाही. फहादने उशी तोंडावर दाबून धरली होती.

श्यामला चहाचे तीन कप घेऊन बाहेर आली आणि दोघांकडे बघून थांबली.

"जिंकलात ना? मग एवढे गप्प का?"

"हळू बोल," गिरीश कुजबुजला. "शेजारी मॅच बघतायत."

श्यामला ट्रे हातात धरून फहादकडे बघत राहिली. शेजारी तर इथेच बसला होता.