सासरेबुवांची गाडी आणि लाल दिवा

"अहो, बाबा हो म्हणाले!" बायकोने फोन ठेवत सांगितलं आणि जावयाच्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला.

त्याला ओरडायचंही सुचलं नाही. सासरेबुवा कशाला तरी हो म्हणाले, ही बातमीच एवढी मोठी होती. सासूबाई गेल्यापासून त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आधी गुडघे दुखतात म्हणाले, मग ऊन लागतं म्हणाले, ऊन सरलं तेव्हा वारा बाधतो म्हणाले. ज्या गाडीला ते पोटच्या पोरीसारखं जपायचे, तिचीही किल्ली त्यांनी जावयापुढे सरकवली होती. "घेऊन जा, नाहीतर भंगारात घाला," एवढं बोलून पाठ फिरवली. लायसन्स शाबूत होतं, हौस तेवढी मेली होती.

"पण अट आहे," बायको म्हणाली. "गाडी स्वतःच्या चाकांवर दारात आली, तर तळ्यापर्यंत येणार. रस्त्यात बंद पडली, तर पुन्हा कधी बाहेर चला म्हणायचं नाही. कधीच नाही."

तळ्याकाठी आई-बाबा दर रविवारी जायचे. बाबा पुन्हा तिथवर गेले तर घरातला तो बंद पंखा, बंद रेडिओ आणि बंद माणूस सगळंच सुरू होईल, अशी तिला वेडी आशा होती. जावयालाही होती, फक्त तो ती स्पॅनरच्या भाषेत बोलत असे.

जावई विमा कंपनीत होता. म्हणजे काय काय बिघडू शकतं हे त्याला तोंडपाठ होतं, दुरुस्त कसं करतात ते मात्र तो या गाडीवरच शिकत होता. सासऱ्यांकडे एकही सबब शिल्लक ठेवायची नाही, असा त्याने पण केला. ऊन लागतं? डॅशबोर्डवर पंखा बसवला. कमी दिसतं? मोठाले दिवे बसवले. करमत नाही? कॅसेट प्लेयर आला. लोक वाट देत नाहीत? हॉर्न असा बसवला की पहिल्यांदा वाजला तेव्हा शेजारचे काका चहासकट खुर्चीतून उठले.

अडचण एवढीच झाली की गाडीत वीज बनवणारा जुना डायनॅमो हा दोन मिणमिणत्या दिव्यांचा धनी. एवढा मोठा संसार त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा जास्त करंट देणारा अल्टरनेटर हवा, असं ठरलं आणि गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्या करंटभाऊंचं घरी येणं-जाणं सुरू झालं.

पहिला अल्टरनेटर जावयाने स्वतःच आणला, तोही ट्रकचा. "मोठा घेतला, पुढे कमी पडायला नको," तो अभिमानाने म्हणाला.

करंटभाऊंनी इंजिनाकडे पाहिलं, अल्टरनेटरकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "साहेब, हा गाडीत बसवायचाय, की गाडी याच्यात बसवायचीय?"

दुसरा बरोबर मापाचा निघाला, पण त्याची पुली इंजिनाच्या पुलीशी एका रेषेत येईना. गाडी सुरू केली की पट्टा असा किंचाळायचा की गल्लीतलं कुत्रं घर सोडून गेलं. तिसरा मात्र लेकीला शोभणाऱ्या जावयासारखा नेमका बसला. करंटभाऊंनी हात पुसले आणि बजावलं, "आता काम फत्ते. फक्त एक करा, यातली एकही वायर काढू नका."

"छे छे, वायरला हातसुद्धा लावणार नाही," जावई म्हणाला. आणि त्याने तो शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पुढच्या रविवारी गाडी दिमाखात सासऱ्यांच्या दारात उभी राहिली. सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत आले. जावयाने त्यांना दाखवायला म्हणून इंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर चार्जिंगचा इवलासा लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं की तो विझतो. पण तेवढी वाट बघणार कोण?

"लाल दिवा!" सासरेबुवा थबकले. "माझा नियम आहे. लाल दिवा दिसला की घरी परत."

"बाबा, तो लागायलाच हवा असतो!"

"लाल म्हणजे लाल," असं म्हणून ते आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. बायको परतीच्या वाटेभर खिडकीबाहेर बघत राहिली.

आठवडाभर विनवण्या करून तिने बाबांना पुन्हा तयार केलं. या वेळी जावयाने धोका पत्करला नाही. निघण्याआधी, गाडी त्यांच्या दारात उभी असताना, त्याने डॅशबोर्डच्या मागे हात घालून तो बल्बच काढला आणि खिशात टाकला. वायर काढायची नाही असं बजावलं होतं, बल्बचं कोणी काही बोललं नव्हतं.

सासरेबुवा आले. त्यांनी डॅशबोर्ड नीट निरखला. लाल काही दिसेना, तेव्हा नाइलाजाने पुढच्या सीटवर बसले. बायको मागे बसली आणि जावयाने जादूगाराच्या थाटात एकेक वस्तू सुरू केली. धुकं होतं म्हणून दिवे, बाबांसाठी पंखा, करमणुकीला गाणं. मध्येच विनाकारण हॉर्न.

"हळू," सासरेबुवा म्हणाले.

"सायकलवाला पुढे गेला, बाबा," बायको म्हणाली.

"त्याला घाई असेल."

गाडी अशी राजेशाही थाटात निम्म्या वाटेवर आली, तेव्हा कॅसेटमधल्या बाईंचा आवाज बदलू लागला. आधी त्या झोपेत गातायत असं वाटलं, मग त्यांच्या जागी त्यांचे वडील गाऊ लागले.

"हिला सर्दी झालीय," सासरेबुवा म्हणाले.

जावयाने घाईघाईने गाणं बंद केलं. मग पंखा दमला. पुढे गाय आली म्हणून त्याने हॉर्न दाबला, तर शेळीने बें बें करावं तसा आवाज निघाला. गायीने वळून आपुलकीने पाहिलं. इंजिनाने दोन आचके दिले आणि उताराच्या तोंडाशी गाडी गप्प झाली.

"गाडी बंद पडली," सासरेबुवा शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय असेल असं जावयाला वाटलं होतं. पण आवाज नुसता थकलेला होता. मागे बायको पदराशी चाळा करत खिडकीबाहेर बघत होती. डोळे भरले की ती नेहमी बाहेर बघत असे.

त्याने करंटभाऊंना फोन लावला आणि घाबरून स्पीकर चालू केला.

"किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?" करंटभाऊंनी विचारलं.

"नाही."

"मग बल्ब गेला असेल. अहो, त्या दिव्यातून जाणारा चिमूटभर करंटच अल्टरनेटरला जागं करतो. तो नसेल तर अल्टरनेटर नुसता गरगर फिरतो, बॅटरीत काही घालत नाही. बल्ब आहे ना जागेवर?"

जावयाने खिशात हात घातला. "खिशात आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या." मग तो सासऱ्यांकडे वळला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मीच काढला, बाबा. तुम्ही लाल दिवा बघून परत फिराल म्हणून. तुम्ही आज यावं असं फार वाटत होतं हो. मला आणि हिला, दोघांनाही."

सासरेबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस तळहातावर शेंगदाण्याएवढा बल्ब घेऊन बसला होता. मग त्यांच्या मिशा हलल्या. आधी थोड्या, मग पूर्ण चेहराच हलला आणि ते हसले. बायकोने वळून पाहिलं. हे हसू तिला ओळखीचं आणि नवखं, दोन्ही एकदम वाटलं.

"लावा तो बल्ब," ते म्हणाले. "आणि उतरा खाली. धक्का मारा."

"स्टिअरिंगवर कोण बसणार?"

"हिला धक्क्यावर सुरू करायचं म्हणजे क्लच कधी सोडायचा ते कळावं लागतं. सरका."

गुडघे दुखणारा तो माणूस सर्रकन पलीकडच्या सीटवर गेला. जावयाने बल्ब जागेवर बसवला, बाकी सगळं बंद करून बॅटरीला जरा दम खाऊ दिला. जावई, बायको आणि सकाळी पळायला निघालेले दोन गृहस्थ, असे चौघे मागे लागले. "अजून! अजून! काय जेवता की नाही?" असा आतून हुकूम सुटत होता. उतारावर गाडीने वेग घेतला, एक हिसका बसला, धुराचा ढग चौघांच्या तोंडावर आला आणि इंजिन धडधडू लागलं.

"झालं सुरू!" जावई नाचला. "बाबा, थांबवा आता!"

गाडी थांबली नाही. उतार उतरली, वळणावर ऐटीत वळली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

"हळू म्हणत होते ना?" जावई धापा टाकत म्हणाला.

"अहो, चला लवकर!" बायको म्हणाली आणि चपला हातात घेऊन पळतच सुटली.

दोघं तळ्याकाठी पोचली तेव्हा गाडी पाण्याकडे तोंड करून उभी होती. इंजिन चालू होतं, दिवे झगझगत होते, पंखा भिरभिरत होता आणि बाई पुन्हा स्वतःच्या आवाजात गात होत्या. सासरेबुवा काचेतून पाण्याकडे बघत होते. डोळे ओले होते, आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"इथेच बसायची," ते लेकीला म्हणाले. "मला वाटलं होतं, मला बघवणार नाही. बघवतंय की."

बायको त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

थोडा वेळ गेल्यावर जावई अदबीने स्टिअरिंगच्या बाजूला गेला आणि त्याने दार उघडलं. "बाबा, आता मी घेतो."

"कशाला? उशीर होईल. अजून बाजारातून चक्कर मारायचीय," सासरेबुवा म्हणाले. "तुम्ही मागे बसा, जावईबापू. आणि दार हळू लावा. गाडी जुनी आहे, जपावी लागते."

जावई मागे बसला आणि त्याने दार अगदी हळू लावलं.