धुरीकाकांचा कापूस

धुरीकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, कापूस असायचा. आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये आलेल्या नव्या भाडेकरूंना वाटायचं, म्हातारा अत्तराचा शौकीन दिसतोय. जवळ गेलं की यायचा मशीन ऑइलचा वास. काकांचा अख्खा जन्म एमआयडीसीतल्या वर्कशॉपात गेला होता.

कापूस होता काकींसाठी. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावर फिकट चट्टे उठले, तिथे स्पर्श कळेना, आणि तपासणीत कुष्ठरोग निघाला. औषध सुरू झालं की लागण होत नाही, असं डॉक्टर सांगत होते. पण बिल्डिंगला कोण सांगणार? काकींना हळदीकुंकवाची बोलावणी यायची थांबली. काका दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट आणायचे आणि रोज समोर बसून गोळी गिळायला लावायचे. वर्षभर त्यांनी एक दिवस चुकू दिला नाही.

वर्ष भरलं, औषध बंद झालं आणि काका बिथरले.

"बीपीची गोळी जन्मभर, नि एवढ्या मोठ्या रोगाची वर्षात बंद? कायतरी झोल हा!"

डॉक्टर म्हणाले होते, "रोग उलटणं फार क्वचित. नवा चट्टा दिसला तर या." काकांनी त्यातलं 'उलटणं' तेवढं घरी आणलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅलरीत तपासणी. काकी डोळे मिटून बसायच्या, काका कापूस टेकवायचे.

"लागला?"

"मनगटाक."

"आता?"

"नाय लागला. परत करा."

काकांचा चेहरा पडला की काकी खदखदून हसायच्या. रोज तीच थट्टा, आणि काका रोज फसायचे.

एकदा त्यांच्या घरात रंगकाम चाललं होतं. काकींच्या मानेवर पांढरा डाग दिसला मात्र, काकांनी त्यांना तशाच रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ओल्या कापसाने मान पुसली. डिस्टेंपर!

"आता तरी गप रवा!" काकी म्हणाल्या.

फार आठवतात ते दिवस. रोग काही उलटला नाही. काकी गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेल्या. "काळजाक कापूस लावूचो रवलो, झिला," एवढंच काका मला म्हणाले.

परवा रविवारी त्यांना माशाचं कालवण द्यायला गेलो. काका गॅलरीत एकटेच बसले होते. खिशातून कापूस काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले.

"जरा बघ रे."

"काका, तुम्हाला काय झालंय?"

"काय नाय. बघ तरी."

मी कापूस टेकवला.

"मनगटाक," काका म्हणाले. मग, "कोपराक."

कापूस बाजूला ठेवून मी त्यांचा खरखरीत हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आता?"

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"नाय लागला," ते म्हणाले. "परत कर."